पेट्रोल रुपयांत भरायचे आणि अ‍ॅव्हरेज अंदाजाने सांगायचे

प्रति,
माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांच्या सदरात गेले काही आठवडे इथेनॉलमिश्रित पेट्रोलावर चर्चा चालू आहे. कोणाच्या गाडीचे अ‍ॅव्हरेज अठरावरून चौदावर आले आहे, कोणी महागडे प्रीमियम पेट्रोल भरून ते पुन्हा विसावर नेले आहे, तर कोणाला खात्रीच आहे की पंपावर मापात पाप होते. मी साताऱ्यात राहणारा, भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेला शिक्षक आहे. २०१६ साली छोटी पेट्रोल गाडी घेतली तेव्हापासून तिच्यात भरलेल्या प्रत्येक टाकीची नोंद मी शंभर पानी वहीत ठेवत आलो आहे. तारीख, किलोमीटर, लिटर आणि रस्ता कोणता, एवढेच चार रकाने. त्या वहीच्या आधाराने मला असे म्हणायचे आहे की, पत्रलेखकांचा संताप खरा आहे. परंतु त्यांनी दिलेले आकडे बहुधा मोजलेले नाहीत, आणि आपली पेट्रोल भरण्याची पद्धतच अशी आहे की ते मोजता येऊ नयेत.

पोवई नाक्याच्या आसपासच्या कोणत्याही पंपावर दहा मिनिटे उभे राहिले तरी हे लक्षात येते. आपल्याकडे पेट्रोल लिटरने मागणारा माणूस विरळा. ‘पाचशेचे टाका’, ‘दोनशेचे टाका’, आणि शंभराच्या आकड्यावर यंत्रात काही लबाडी असेल अशी शंका असणारे ‘एकशेदहाचे टाका’ असे सांगतात. लिटरचा दर एकशेपाच रुपयांच्या आसपास धरला, तर पाचशे रुपयांत साधारण पावणेपाच लिटर पेट्रोल येते. त्यावर गाडी ऐंशी किलोमीटर चालली आणि काटा पुन्हा पहिल्या रेघेशी आला, की मनातल्या मनात भागाकार होतो आणि उत्तर सुमारे सतरा येते. पण तो काटा टाकीतल्या तरंगत्या गोळ्यावर चालतो. टाकीचा आकार वेडावाकडा असतो, गाडी थोड्या उतारावर उभी असली तरी गोळा हलतो, आणि काटा सतत थरथरू नये म्हणून तो मुद्दाम मंद ठेवलेला असतो. त्याच रेघेवर आलेला काटा प्रत्यक्षात लिटरभर इकडेतिकडे असणे अगदी शक्य आहे. पावणेपाच लिटरांत एका लिटरची चूक झाली, तर तीच गाडी त्याच रस्त्यावर एका आठवड्यात चौदाचे अ‍ॅव्हरेज देते आणि दुसऱ्या आठवड्यात एकविसाचे. चौदा आले तो आठवडा इथेनॉलच्या खात्यावर जातो आणि एकवीस आले तो प्रीमियमच्या.

मोजण्याची रीत जुनीच आहे आणि तिला खर्च काही नाही. नोझल आपोआप बंद होईपर्यंत, म्हणजे पंपावरची मुले ज्याला ‘ऑटो कट’ म्हणतात तेथपर्यंत, टाकी पूर्ण भरायची आणि ट्रिप मीटर शून्यावर आणायचा. गाडी नेहमीसारखी चालवायची, आणि पुढच्या वेळी पुन्हा ऑटो कटपर्यंत भरून या वेळी बसलेल्या लिटरांनी चाललेल्या किलोमीटरांना भागायचे. यातही चूक राहते, कारण कधी नोझल लवकर कट होते, कधी उशिरा. अर्धा ते एक लिटर फरक पडतो, म्हणजे तीस लिटरांच्या भरण्यात दोन-तीन टक्के. मात्र या चुकीचा एक चांगला गुण आहे. एका वेळी अर्धा लिटर जास्त बसले तर पुढच्या वेळी तेवढेच कमी बसते. म्हणून दहा टाक्यांचे एकूण किलोमीटर आणि एकूण लिटर घेतले, तर चूक फक्त पहिल्या आणि शेवटच्या भरण्याची उरते. तीनशे लिटरांत एक लिटर म्हणजे एक टक्कासुद्धा नाही. एका टाकीवरून कोणत्याही पेट्रोलाविषयी मत बनवू नये, असा माझा जो आग्रह आहे, त्यामागे एवढेच गणित आहे. दुचाकीच्या बाबतीत तर अधिकच जपायला हवे. अ‍ॅक्टिवाची टाकी ५.३ लिटरची आणि स्प्लेंडरची ९.८ लिटरची. एवढ्या लहान टाकीत अर्ध्या लिटरचा फरकही मोठा दिसतो.

टाकीचा विषय निघालाच आहे, तर आपल्याकडे वारंवार होणाऱ्या एका भांडणाबद्दल लिहितो, कारण ते मीही केलेले आहे. माझ्या गाडीच्या माहितीपत्रकात टाकी ३७ लिटरची दिलेली आहे. काही वर्षांपूर्वी गाडी अगदी रिझर्व्हला लागलेली असताना महामार्गालगतच्या एका पंपावर मी टाकी फुल्ल करायला सांगितली, आणि यंत्राने ३९.४ लिटर दाखवले. सदतीस लिटरच्या टाकीत, तीही पूर्ण रिकामी नसताना, एकोणचाळीस लिटर कसे बसतील, असा माझा रोखठोक प्रश्न होता, आणि तो मी जरा चढ्या आवाजात विचारला. व्यवस्थापकाने वाद न घालता पाच लिटरचे माप आणले. निमुळत्या गळ्याचे धातूचे ते भांडे त्याने आधी पेट्रोलाने ओले करून पूर्ण निथळवले, सपाट जागी ठेवले, यंत्रावर शून्य दाखवून बरोबर पाच लिटर सोडले आणि वरचा फेस बसेपर्यंत आम्ही दोघेही गप्प उभे राहिलो. पातळी गळ्यावरच्या खुणेला येऊन टेकली. पाच लिटरमागे पंचवीस मिलिलिटरपर्यंतचा फरक ग्राह्य मानला जातो. येथे तेवढाही नव्हता. यंत्र बरोबर होते.

मग जास्तीचे पेट्रोल गेले कोठे, याचा शोध मी नंतर घेतला. कंपनी जी क्षमता छापते ती टाकीत राहणे अपेक्षित असलेल्या इंधनाची असते. पत्र्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या त्या भांड्याचे खरे आकारमान त्याहून अधिक असते. वरची जागा मुद्दाम मोकळी सोडतात, कारण पेट्रोल तापले की फुगते. दर अंश सेल्सिअसला साधारण एक हजारांश या हिशेबाने, सकाळी थंड जमिनीखालच्या साठ्यातून भरलेले सदतीस लिटर पेट्रोल सांगली-मिरजेच्या एप्रिलमधल्या दुपारी पंधरा अंशांनी तापले, तर सुमारे अर्धा लिटर वाढते. त्याखेरीज झाकणापासून टाकीपर्यंतच्या नळीतही पेट्रोल मावते. माझ्या गाडीत ऑटो कट झाल्यावर त्या मुलाने रकमेचा ‘राउंड फिगर’ करण्यासाठी तीन-चार वेळा नोझल दाबले होते, आणि ते सगळे या मोकळ्या जागेत गेले होते. ही मोकळी जागा भरू नये. आजच्या गाड्यांमध्ये टाकीतली वाफ कोळशाच्या एका डबीत शोषली जाते आणि नंतर इंजिनात जाळली जाते. टाकी काठोकाठ भरली तर वाफेऐवजी द्रव पेट्रोल त्या डबीत शिरते आणि ती निकामी होते. ऑटो कट झाला की थांबवा, असे मी तेव्हापासून आधीच सांगतो. पावती सुट्या पैशांची आली तरी चालते.

मात्र मापाबद्दल शंका आली तर पाच लिटरच्या मापाची मागणी करणे हा प्रत्येक ग्राहकाचा हक्क आहे, त्याला पैसे पडत नाहीत, आणि समाधान झाले नाही तर वैधमापन यंत्रणेकडे तक्रार करता येते. मनात संशय ठेवून एकशेदहाचे पेट्रोल भरत राहण्यापेक्षा एकदा माप मागणे केव्हाही चांगले. पेट्रोलाची घनताही पंपावर लिहिलेली असते आणि थेंब फिल्टर पेपरवर टाकून भेसळीची प्राथमिक तपासणीही मागता येते.

टाकी मोठी असली की गाडी चांगली, असाही एक समज आहे. अल्टो के१० ची टाकी २७ लिटरची, वॅगन-आरची ३२ लिटरची, स्विफ्टची ३७, नेक्सॉनची ४४ आणि क्रेटाची ५० लिटरची आहे. टाकीच्या आकाराने एका भरण्यात किती लांब जाता येईल एवढेच ठरते; लिटरमागे किती जाता येईल ते ठरत नाही. याच्या उलट काही जण वजन वाचावे म्हणून टाकी नेहमी अर्धीच ठेवतात. पेट्रोलाचे वजन लिटरमागे पाऊण किलोच्या आत असते. सदतीस लिटरची भरलेली टाकी म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस किलो, आणि अर्धी ठेवली तर वाचले चौदा किलो, म्हणजे बालवाडीतल्या मुलाएवढे वजन. हजार किलोच्या गाडीला ते जाणवतसुद्धा नाही. उलट महाबळेश्वर-पाचगणीसारख्या ठिकाणी पावसाळ्याचे चार महिने गाडी एका जागी उभी राहणार असेल, तर टाकी भरलेली असणे हिताचे आहे, कारण इथेनॉल पाणी ओढून घेते आणि रिकाम्या टाकीत दमट हवेला जागा मिळते. पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलापासून वेगळे होऊन तळाशी बसतात, आणि इंजिनाकडे जाणारी नळी तळाशीच असते.

आता इथेनॉलविषयी. याबाबत दोन्ही बाजूंनी टोकाचे बोलले जात आहे, म्हणून आकडे मांडतो. एक लिटर शुद्ध पेट्रोलात सुमारे ३२ मेगाज्यूल उष्णता असते आणि एक लिटर इथेनॉलात सुमारे २१. म्हणजे लिटरमागे इथेनॉलात पेट्रोलाच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा आहे. वीस टक्के मिश्रणाचा हिशेब केला तर लिटरमागची ऊर्जा शुद्ध पेट्रोलापेक्षा पावणेसात टक्क्यांच्या आसपास कमी भरते, आणि दहा टक्के मिश्रणाशी तुलना केली तर साडेतीन टक्के कमी. नीती आयोगाने २०२१ च्या जूनमध्ये इथेनॉल मिश्रणाचा जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यातही शुद्ध पेट्रोलासाठी रचना केलेल्या आणि दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींच्या कार्यक्षमतेत सहा ते सात टक्के, तशाच दुचाकींच्या बाबतीत तीन ते चार टक्के, आणि दहा टक्क्यांसाठी रचना करून विसासाठी जुळवलेल्या चारचाकींच्या बाबतीत एक ते दोन टक्के घट होईल, असे म्हटले होते. माझ्या वहीत २०२२ च्या उत्तरार्धात, मिश्रण दहा टक्क्यांच्या जवळ असताना, सातारा-पुणे रस्त्यावरच्या दहा टाक्यांचे अ‍ॅव्हरेज १८.६ आहे. २०२५ मध्ये, मिश्रण विसावर गेल्यानंतर, त्याच रस्त्यावरच्या दहा टाक्यांचे १७.९ आहे. ही घट चार टक्क्यांच्या आत येते, आणि गाडीचे वयही मधल्या काळात वाढले आहे.

याचा अर्थ असा की अ‍ॅव्हरेज अठरावरून चौदावर आले असेल, म्हणजे बावीस टक्क्यांनी घसरले असेल, तर ते एकट्या इथेनॉलने होऊ शकत नाही. त्या वाचकांनी टायरमधली हवा, ब्रेक धरून राहतो का, क्लच सरकतो का, एअर फिल्टर किती दिवसांत बदललेला नाही, हे पाहावे, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे. नाहीतर खरा दोष गाडीत राहील आणि बोल पेट्रोलाला लागेल. पण त्याच वेळी साडेतीन टक्के म्हणजे काहीच नाही, असे म्हणणेही मला मान्य नाही. महिन्याला हजार किलोमीटर गाडी चालवणाऱ्याला साधारण दोन लिटर पेट्रोल जास्त लागते, म्हणजे दोनशे रुपयांहून अधिक. दर लिटरवर आहे आणि लिटरमधली ऊर्जा कमी झाली आहे. तो फरक ग्राहकाच्या खिशातून जातो. आपल्या सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्यात या प्रश्नाची दुसरी बाजूही घरातच आहे. कृष्णाकाठच्या अनेक कुटुंबांत थोरला भाऊ कारखान्याला ऊस घालतो आणि धाकटा त्याच उसाच्या इथेनॉलवर गाडी चालवतो. साखर पडून राहिली तर उसाचे बिल थकते हे आम्ही पाहिले आहे, आणि इथेनॉलने कारखान्यांना पैशाचा दुसरा मार्ग मिळाला हेही पाहिले आहे. म्हणूनच इथेनॉलला माझा विरोध नाही. वापरणाऱ्याला त्याचा हिशेब उघडपणे सांगितला जावा, एवढेच मागणे आहे. वीस टक्के इथेनॉल धरून न बनवलेल्या, एप्रिल २०२३ पूर्वीच्या गाड्यांसाठी कमी मिश्रणाचे पेट्रोल उपलब्ध ठेवावे, अशी मागणी देशभर झाली. बिनइथेनॉलच्या पेट्रोलाचा पर्याय मिळावा यासाठीची याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. निवड उरली नसताना माहिती तरी पूर्ण मिळायला हवी.

ऑक्टेनच्या बाबतीत तर माहितीचा अभाव अधिकच आहे, आणि तेथे ग्राहकाला निवड आहे, म्हणून त्यावर थोडे विस्ताराने लिहितो. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलाची ताकद, ही समजूत सर्वत्र आहे आणि ती चुकीची आहे. इंजिनात पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण दाबले जाते, नेमक्या क्षणी ठिणगी पडते आणि ज्योत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पसरत जाते. ज्योत पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण उष्णतेने आणि दाबाने आपणहून पेटले, तर आत जणू हातोडीचा घाव बसतो. यालाच नॉकिंग म्हणतात. असे आपणहून न पेटण्याची पेट्रोलाची क्षमता म्हणजे ऑक्टेन. आयसो-ऑक्टेन या द्रवाला शंभर आणि नॉर्मल हेप्टेनला शून्य असे गुण दिलेले आहेत; ९१ ऑक्टेनचे पेट्रोल नॉकिंगच्या बाबतीत ९१ भाग आयसो-ऑक्टेन आणि नऊ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणासारखे वागते, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. लिटरमध्ये उष्णता किती, याच्याशी त्याचा संबंध नाही. इथेनॉलचेच उदाहरण पाहा: त्याचा ऑक्टेन १०८ च्या आसपास, म्हणजे पेट्रोलाहून पुष्कळ जास्त, आणि उष्णता मात्र कमी.

नॉकिंगचा आवाज आता फारसा कानावर पडत नाही, म्हणून नव्या चालकांना तो ठाऊक नसतो. नव्वदच्या दशकात एका स्नेह्यांच्या कार्बोरेटरच्या गाडीतून आम्ही पाच जण यवतेश्वरचा घाट चढत होतो. कास अजून दूर होते. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये रेटली जात होती, आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की बॉनेटखालून पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत तसा खळखळाट येत होता. त्यांनी गिअर पाडून दुसरा टाकला, इंजिनाचे फेरे वाढले, आणि आवाज एकदम थांबला. कमी फेरे आणि जास्त भार हे नॉकिंगचे आवडते ठिकाण, हे मला वर्गात शिकवून जितके कळले नव्हते तितके त्या वळणावर कळले. त्या काळी ते टाळण्यासाठी पेट्रोलात शिशाचे संयुग घालत असत. मुलांच्या मेंदूला घातक ठरणारे ते शिसे फेब्रुवारी २००० पासून देशभरातल्या पेट्रोलातून गेले, ही फार मोठी गोष्ट झाली. पुढे इंजिनावरच नॉकिंग ओळखणारा सेन्सर आला. तो खडखड सुरू होण्याच्या बेतात असतानाच ठिणगीची वेळ मागे सरकवतो. इंजिन वाचते, मात्र ताकद आणि अ‍ॅव्हरेज दोन्ही थोडे कमी होतात.

यातूनच निवडीचा नियम निघतो. ज्या गाडीच्या पुस्तिकेत किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ९५ ऑक्टेन लिहिलेले आहे, त्या गाडीत ९१ भरले तर सेन्सर ठिणगी मागे नेत राहील आणि तोटा होईल. तेथे वरचे पेट्रोल भरणेच योग्य. काही टर्बो इंजिनांची आणि जास्त दाबाच्या दुचाकींची ही स्थिती आहे. पण ज्या गाडीला ९१ पुरते, तिची ठिणगी आधीच योग्य जागी असते. तिला ९७ किंवा शंभर पाजून आणखी पुढे जाण्यासारखे काही उरत नाही. इंडियन ऑइलचे एक्सपी९५ आणि एक्सपी१००, भारत पेट्रोलियमचे स्पीड ९७, हिंदुस्तान पेट्रोलियमचे पॉवर ९९ या नावांतले आकडे ऑक्टेनचेच आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नाही. त्यात भर म्हणजे पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्वतःच सांगितले आहे की वीस टक्के इथेनॉलमुळे साध्या पेट्रोलाचा ऑक्टेन ९१ वरून ९५ पर्यंत गेला आहे. तसे असेल तर साध्या गाडीच्या मालकाने केवळ ऑक्टेनसाठी ९५ च्या प्रीमियमला लिटरमागे सात-आठ रुपये का मोजावेत? त्यात इंजेक्टर स्वच्छ ठेवणारी काही रसायने असतात आणि त्यांचा उपयोग कोणाला होत असेल, तर तो वेगळा मुद्दा. त्याची किंमत त्याच्या नावाने सांगितली जावी. मी सलग तीन टाक्या प्रीमियम भरून पाहिले. अ‍ॅव्हरेज १८.०, १७.८ आणि १८.१ आले, म्हणजे साध्या पेट्रोलावर जेवढे वरखाली होते त्याच्याच आत. साधारण पावणेसातशे रुपये मात्र जास्त गेले.

आणखी एक गोंधळ परदेशी असलेल्या मुलाबाळांमुळे होतो. अमेरिकेतून फोन येतो की, येथे तर आम्ही ८७ भरतो आणि गाडी उत्तम चालते, मग तुम्हाला ९१ कशाला? तिकडच्या यंत्रावर लिहिलेला आकडा दोन वेगवेगळ्या चाचण्यांची सरासरी असतो, आणि आपला आकडा त्यांतल्या एकाच, जास्त गुण देणाऱ्या, चाचणीचा असतो. त्यांचे ८७ आणि आपले ९१ जवळपास एकच. पण तेथील एक गोष्ट घेण्याजोगी आहे: प्रत्येक नोझलपाशी पिवळ्या पट्टीवर काळ्या ठळक आकड्यात ऑक्टेन लिहिलेला असतो. युरोपातही २०१८ पासून पंपावर आणि नव्या गाडीच्या झाकणापाशी इथेनॉलच्या प्रमाणाची सारखीच खूण असते, म्हणजे खुणेशी खूण जुळवली की काम झाले.

अ‍ॅव्हरेज खरोखर वाढवायचे असेल तर ते पेट्रोलाच्या नावात शोधण्यापेक्षा पायाखाली शोधावे. महामार्गावर ताशी ८० ऐवजी १०० ने गेले तर हवेचा विरोध दीडपटीहून अधिक होतो. वाईहून पसरणी घाटाने पाचगणीला जाताना चार माणसांसह बाराशे किलोची गाडी पाचशे-साडेपाचशे मीटर वर चढते. नुसते ते वजन वर नेण्यासाठी, इंजिनाची कार्यक्षमता पंचवीस टक्के धरली तर, पाऊण लिटरहून अधिक पेट्रोल लागते, आणि ते कोणत्याही ऑक्टेनने वाचत नाही. उतरताना ते परत मिळवण्यासाठी कित्येक जण गाडी न्यूट्रल करून सोडतात. कृपा करून असे करू नये. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअर असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनाला पेट्रोल जाणेच बंद होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी पेट्रोल जळत राहते. म्हणजे बचत होत नाही, इंजिनाचा आधार सुटतो, आणि सगळा भार ब्रेकवर येऊन ते तापतात. पसरणीच्या वळणांवर तापलेला ब्रेक म्हणजे काय, हे मी वाईकरांना सांगण्याची गरज नाही.

जाहिरातींतल्या अ‍ॅव्हरेजविषयी एवढेच सांगतो की, तो आकडा पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनचाचणी संस्थेत रोलरवर, ठरवून दिलेल्या वेगाच्या आलेखानुसार, ताशी ९० किलोमीटरच्या आत आणि एसी बंद ठेवून काढलेला असतो. दोन गाड्यांची एकमेकींशी तुलना करायला तो उपयोगी आहे. आपल्या रस्त्यावर तेवढा मिळाला नाही म्हणून फसवणूक झाली असे मानू नये, आणि मिळेलच असे समजून कर्जाचा हप्ताही बेतू नये.

आता माझी मागणी. जिल्ह्यातल्या प्रत्येक पंपावर, प्रत्येक नोझलपाशी, मराठीत आणि वाचता येईल एवढ्या अक्षरांत दोन आकडे लिहिलेले असावेत: ऑक्टेन किती आणि इथेनॉल किती टक्के. हेच दोन आकडे पावतीवरही छापले जावेत, म्हणजे माझ्यासारख्या वही ठेवणाऱ्याला अंदाज करावा लागणार नाही आणि तक्रार करणाऱ्याच्या हातात काही पुरावा राहील. गाडी थांबताच ‘प्रीमियम टाकू ना?’ असे विचारून होकार यायच्या आत नोझल लावण्याचा जो प्रकार काही ठिकाणी होतो, आणि जो माझ्याबाबतीतही दोनदा झाला आहे, तो बंद व्हावा. विचारायचेच असेल तर गाडीला कोणता ऑक्टेन लागतो, ते विचारावे आणि दरातला फरक आधी सांगावा. हे करण्यासाठी नवे यंत्र लागत नाही. दर बदलला की जी पाटी रोज बदलली जाते, तिच्याच शेजारी आणखी एक पाटी लावायची आहे.

आणि एक विनंती आपल्याला. आपल्या दैनिकात सोन्या-चांदीच्या शेजारी पेट्रोल-डिझेलचा दर दिला जातो. त्या चौकटीत दराखाली ‘ऑक्टेन’ आणि ‘इथेनॉल टक्के’ अशा दोन ओळी वाढवता आल्या तर पाहावे. आपल्या वार्ताहरांनी सातारा, कराड, इस्लामपूर आणि सांगली येथील पंपांवर हे आकडे विचारले, तर निदान ते कोणाला सांगता येतात आणि कोणाला नाही, एवढे तरी वाचकांपुढे येईल.

आपला,
एक वाचक
शाहूपुरी, सातारा